पट्टी सांगेल तसं

ब्लाउजपीस कापून झाला की कापडाच्या एका अंगाला अरुंद पट्टी उरते. पाठ, पुढचे भाग, बाह्या, गळ्याची आणि हुकांची पट्टी असं सगळं निघाल्यावर पन्ह्याच्या कडेला जे राहतं ते. कधी दोन बोटं रुंद, कधी चार. तिच्या एका बाजूला घट्ट विणलेली किनार असते आणि दुसऱ्या बाजूला मुंढ्याचं वळण. त्या वळणाकडे नीट पाहिलं तर कुणा अनोळखी बाईचा खांदा ओळखता येतो. म्हणजे खांदा नव्हे, खांदा वगळून उरलेली जागा. शिंप्याच्या लेखी हे कापड संपलेलं असतं. दुकान बंद करताना तो ते पायानंच कोपऱ्यात सारतो.

अशा पट्ट्या गोळा करून त्यांच्या गोधड्या शिवायचा मला नाद आहे. सुई धरायला शिकवलं आत्यानं. ती कऱ्हाडजवळच्या खेड्यातली, तिच्याकडे सगळ्या वाकळाच. त्यांत पट्ट्या फारशा नसत. खाली-वर जुनी लुगडी, मध्ये धोतरं, एखादा विरलेला फेटा, असे ऐसपैस तुकडे. पट्टी लागायची ती कड बांधायला, नाहीतर फाटल्या जागी. पट्ट्यांचीच अख्खी गोधडी म्हणजे तिच्या मते रिकामटेकडेपणा. "अगं, एवढा कुटाणा कशाला? लुगडं अंथर, चार कोपऱ्यांवर दगड ठेव आणि घाल धावदोरा."

हिशोबानं तिचंच खरं आहे. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. वर इरकलीचा काठ आहे की शाळेच्या गणवेशाची खाकी, याच्याशी थंडीला देणंघेणं नाही. बरं, पट्ट्या जोडून कापड वाचतं म्हणावं, तर तेही नाही. इंचभर रुंद पट्टी घेतली आणि दोन्हीकडून पाव-पाव इंच दाब धरला, की वर दिसायला अर्धाच इंच उरतो. निम्मं कापड शिवणीच्या आत गेलं. पट्टी जितकी बारीक तितका हा तोटा मोठा. 'टाकाऊतून टिकाऊ'चे गोडवे गाणाऱ्या मंडळींनी एकदा टेप घेऊन हे मोजून पाहावं. काटकसर हे पट्ट्यांच्या गोधडीचं कारण नाहीच, निदान माझ्या घरी तरी नाही.

पट्टी आपलं ऐकत नाही, म्हणून मला ती हवी असते. ताग्यातून कापड घेतलं की मालक आपण. हवं तिथं कात्री लावावी. उरलेल्या पट्टीची लांबी-रुंदी मात्र भलत्याच कुणाच्या तरी मापानं ठरून आलेली असते. जांभळ्याशेजारी हळदी रंग हवा असं मनात येतं, पण हळदी पट्टी निघते वीतभरच. मग तिच्यापुढे जी बसेल ती बसवायची, आणि ती असते कुठल्याशा चौकड्याच्या शर्टाची. चांगलं दिसेल का, हे विचारायला सवड नसते, कारण प्रश्न दिसण्याचा नसून पुरण्याचा असतो. पुरवता पुरवता अधूनमधून असं काही जुळून येतं की दुकानात रंग निवडत बसले असते तर मी त्याच्या जवळपासही फिरकले नसते. अधूनमधून, असं मी जपून म्हणते. बाकीच्या वेळी नुसता गोंधळ होतो, आणि तोही अंगावर घेऊन झोप लागतेच.

रंगाआधी धागा पाहावा लागतो. उभ्या धाग्यातली पट्टी दोन्ही हातांनी ओढली तरी ढिम्म हलत नाही. आडव्या धाग्यातली किंचित सैल पडते. पाइपिंग करून उरलेली उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी तर ओढावी तेवढी लांबते आणि सोडली तरी पहिल्या मापावर परत येईलच असं नाही. मुंढ्याच्या वळणाचा तुकडा सगळ्यात लबाड. तो एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उरेब असतो. असा तुकडा वर ठेवून टीप मारली की फसगत ठरलेली. मशीनचे दाते खालचं कापड पुढे नेतात, वरचं मागे रेंगाळतं आणि ताणलं जातं. टीप संपते तेव्हा वरची पट्टी बोटभर लांब झालेली असते. ओळीनं चार-पाच जोडण्यांत असं झालं की गोधडीला कडेनं लाटा येतात, नाहीतर मधोमध फुगा धरतो, आणि मग इस्त्री करा नाहीतर वर बसा, तो जात नाही. म्हणून उरेब कापड नेहमी खाली, दात्यांच्या बाजूला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या धाग्याच्या पट्ट्या. हातानं धावदोरा घालणारीला ही कटकट कमी. बोटांना ताण कळतो, दात्यांना कळत नाही.

पट्ट्या लावत जायच्या दिशा दोन, आणि मोठा फरक पडतो तो तिथे. अमेरिकेत 'लॉग केबिन' नावाचा एक जुना नमुना आहे. मधे छोटा चौकोन, बहुधा लाल. त्याच्या चारी अंगांना एकेक पट्टी चढवत बाहेर जायचं, लगतच्या दोन बाजूंना फिकट आणि समोरच्या दोन बाजूंना गडद. शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-येल्लापूरकडच्या रानातल्या सिद्दी बायका नेमकं उलट करतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात शिरलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांची बोली आपल्या कोकणी-मराठीच्या फार लांबची नाही. त्यांची गोधडी म्हणजे कवंदी. खाली जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून कडेकडेनं तुकडे मुडपत धावदोरा घालत निघायचं आणि फेऱ्यामागून फेरा आत येत मध्यावर पोचायचं. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची 'फुलं' टाचायची. फुलं नसली तर कवंदी नागडी राहिली, असं त्या म्हणतात. आत्याची वाकळही बाहेरून आतच जायची, फक्त फुलांचा थाट तिला ठाऊक नव्हता.

मी दोन्ही दिशांनी शिवते. बाहेरून आत येताना आकार पहिल्याच दिवशी ठरतो: किती माणसं पांघरणार, तेवढी साडी अंथरायची. पण चांगल्या लांब पट्ट्या पहिल्या फेऱ्यांतच खर्ची पडतात आणि मध्याशी येईतो हातात तोकडे तुकडे राहतात. म्हणून अशा गोधडीचा मध्य फार गजबजलेला. आतून बाहेर जाताना तोकडे आधी खपतात, छान वाटतं, आणि मग प्रत्येक फेऱ्याला आधीपेक्षा लांब पट्टी लागत जाते. शेवटी जिच्याकडे लांब पट्टी आहे अशी मैत्रीण शोधावी लागते. हौसेनं शिवणारीला ही दिशा ठीक. घरात माणसं थंडीनं कुडकुडत असतील तर आकार आधी ठरलेला बरा.

आतून बाहेर जाण्याची हीच रीत मोठ्या आकारात पाहायची तर अलाबामातल्या गीज बेंडच्या गोधड्या पाहाव्यात. अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणातली ही वस्ती, गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची. तिथल्या 'हाउसटॉप' गोधडीत कधी कधी सबंध पांघरूण म्हणजे एकच वाढत गेलेला चौकोन असतो. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली, आणि 1972 मध्ये तिला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. कारखानदारी काम म्हणजे ठरलेलं माप, ठरलेली शिलाई, कल्पकतेला मज्जाव. पण कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायकांच्या घरी गेल्या, आणि सत्तरच्या दशकातल्या फॅशनचे ते रंग, सोनेरी पिवळा, अव्होकाडोचा हिरवा, नारिंगी, लाल, तिथल्या पांघरुणांत आले. जाड, लव असलेलं कापड. त्यात बारीक कलाकुसर होत नाही. म्हणून मोठाले, ठसठशीत पट्टे. मला यात मौज वाटते ती ही, की दिवसा ज्या हातांनी हुकमी अभ्रे शिवले त्याच हातांना रात्री त्याच कापडाच्या उरल्यासुरल्यात मोकळीक सापडली.

2002 मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकारांशी केली. केली तर केली. पण अशा तुलनेत कौतुकाचा झोत चित्रकारावरच राहतो आणि बाईच्या पदरात योगायोग पडतो, हे मला खटकतं. त्या पांघरुणांतलं एक मिसुरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांचं शिवलेलं आहे. जीनचे विटलेले तुकडे, खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद निळा चौकोन. त्या चौकोनाला कुठल्या चित्रकाराची साक्ष लागत नाही.

संग्रहालयात गेलं की आणखी एक गोष्ट अदृश्य होते: वजन. पश्चिम महाराष्ट्रात घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर धुवायला निघतात. कोरडी वाकळ एका हातानं उचलता येते. भिजली की ती दोघींना पिळवत नाही. धोपटून, खडकावर पसरून, उलटून, संध्याकाळी परत डोक्यावर. नवरात्राच्या आधीची आत्याची कंबरदुखी हा आमच्या घरचा दरवर्षीचा विषय होता. गोधडीवर हळवं लिहिणाऱ्यांत ती धुतलेले लोक कमी असावेत. आणि चिंध्या अंगावर वागवणं ही सगळ्यांची हौस नसते. गाडगेबाबा ठिगळांचा अंगरखा घालत, लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. पण तो त्यांनी स्वतःहून घेतलेला वेष होता. ज्यांना दुसरं वस्त्रच नव्हतं त्यांच्यासाठी ठिगळ हे फक्त ठिगळ.

हल्ली 'पॅचवर्क'च्या नावाखाली नवं कोरं कापड ताग्यातून घेऊन त्याच्या पट्ट्या करतात आणि पुन्हा जोडतात. माझं नाक मुरडलं जातं. मात्र हे नवं नाही, हेही खरं. बुद्धानं दक्षिणगिरीकडे जाताना मगधातली भातशेतं पाहिली, बांधांनी आखलेले लांब-आखूड पट्टे, आणि भिक्षूंची चीवरं तशी करता येतील का असं आनंदाला विचारलं, अशी विनयपिटकात कथा आहे. आनंदानं ती तशी बेतली. कापड मुद्दाम कापायचं, म्हणजे ते श्रमणाला शोभेल असं साधं होतं आणि त्याचा कुणाला लोभ वाटत नाही. आमच्या पॅचवर्कचा हेतू नेमका उलटा असतो, एवढंच.

आणि पॅचवर्क करणाऱ्या बायकांना तरी नावं का ठेवावीत? घरात उरलेलं कापड आहे कुठे? कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सुभद्रेच्या घरी बांधायला चिंधी मिळाली नाही, सगळे शालू आणि पैठण्याच. द्रौपदीनं नेसतं वस्त्र फाडलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आता आपली सगळ्यांचीच सुभद्रा झाली आहे. पूर्वी दिवाळीला एका ताग्यातून घरभर मुलांचे शर्ट-परकर निघत आणि कापणीतलं उरलेलं पिशवीत घरी येई. तयार कपड्यांच्या चालीनं उरलेलं कापड कारखान्यातच राहिलं. ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ते नाही असं वाटतं. जुने कपडे भरपूर आहेत, पण टी-शर्टची पट्टी कापली की ती कडेनं गुंडाळते, जीन्समध्ये ताणणारा धागा, आणि साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या. तसं पाहायला गेलं तर पॉलिस्टरच्या साडीचे रंग उतरत नाहीत, ती पाण्यात जड होत नाही, आत्याच्या कमरेला ती मानवली असती. पण तिच्यावर धावदोरा सरकतो, कापलेल्या कडेचे दोरे सुटत राहतात, घाम शोषला जात नाही, आणि रात्री पांघरूण अंगावरून घसरून सकाळी पायाशी सापडतं.

म्हणून मी गल्लीतल्या शिंपीकाकांना धरून आहे. सुती अस्तराच्या, खणाच्या, परकराच्या पट्ट्या ते वेगळ्या ठेवतात. पूर्वी पिशवी फुकट मिळायची. मग कुणी तरी पायपुसण्यांसाठी किलोवर न्यायला लागलं, आणि गेल्या खेपेला काका म्हणाले, "ताई, आता वजनावर द्यावी लागेल." मी म्हटलं, पॉलिस्टर काढून वजन करा. त्यावर आमची घासाघीस अजून चालू आहे, आणि माझा बाहेरचा फेरा एका लांब पट्टीसाठी अडला आहे.