दारावरचा आकडा

घरास नाव द्यावयाचे ते हौसेने आणि क्रमांक लावावयाचा तो नाइलाजाने, असा आपल्याकडे प्रघात आहे. नाव ठरविण्यासाठी घरातील थोरामोठ्यांची बैठक बसते. कुलदैवत, दिवंगत मातोश्री आणि व्याकरण या तिघांचाही मान राखला जातो. आणि मग ते नाव संगमरवरावर कोरून, त्यात काळा रंग भरून, दर्शनी भिंतीवर बसविले जाते. क्रमांकाचे भाग्य असे कोठले? तो महानगरपालिकेने दिलेला असतो, त्याची आठवण घरपट्टी भरतेवेळी होते, आणि त्याची पाटी असलीच तर ती विजेच्या मीटरांच्या आडोशास कोठेतरी लोंबत असते.

हे लिहिताना आम्ही दुसऱ्यास हसत आहोत असे वाचकांनी समजू नये. सदाशिव पेठेतील आमचा जुना वाडा पाडून १९९४ साली त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी नाव सुचविण्याची कामगिरी, नुकतेच पदवीधर झालेले म्हणून, आमच्याकडे आली. आम्ही तिचे नाव 'पर्णकुटी' ठेवले. तीत पर्ण औषधालाही नव्हते, आणि आठ बिऱ्हाडांच्या सिमेंटच्या इमारतीस कुटी म्हणणे हे धाडसच होते. परंतु नाव सर्वांस आवडले. अक्षरे एका चित्रकाराकडून मोठी वळणदार काढून घेतली. इतकी वळणदार, की प्रथमच येणारा पाहुणा ती नक्षी समजून पुढे निघून जाई. या गोष्टीचे आम्हांस त्या काळी कौतुकच वाटत असे.

शिवाय पुण्याच्या पेठांत राहणाऱ्यास क्रमांकाची गरज भासू नये, याची तजवीज प्रत्यक्ष देवांनी करून ठेवली आहे. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती. उपाशी विठोबा आणि पासोड्या विठोबा. इतकेच काय, खुन्या मुरलीधरसुद्धा! ही नामावळी ऐकून परगावच्या माणसास पुणेकरांच्या भक्तीविषयी शंका येते. परंतु एका गावात इतके मारुती नांदू लागले म्हणजे कोणता मारुती हे सांगणे भागच पडते. अमुक मारुतीवरून सरळ या, पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडे वळा, आणि तेथे कोणालाही विचारा, हा पेठेतील पत्ता सांगण्याचा सनातन संप्रदाय आहे. त्यातील 'कोणालाही विचारा' या दोन शब्दांकडे आम्ही अनेक वर्षे लक्षच दिले नव्हते. येणारा दिवसाउजेडी येणार, त्याच्यापाशी सवड असणार, आणि विचारावयास रस्त्यावर कोणीतरी असणार, अशी तीन गृहीतके त्या दोन शब्दांत दडलेली आहेत.

पेठांतील घरांस क्रमांक नाहीत असे नव्हे. नारायण पेठ ५६८ म्हणजे केसरीवाडा आणि सदाशिव पेठ १३२१ म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळ, हे ज्यांचा तेथे पत्रव्यवहार असे त्यांस मुखोद्गत असे. परंतु हे क्रमांक पेठेचे आहेत, रस्त्याचे नव्हेत. पुढे वाडे पडले, भाऊबंदांत वाटण्या झाल्या, एका क्रमांकाचे अ, ब, क झाले. रस्त्यात उभे राहून, हे घर अमुक तर पुढचे अमुक, असा तर्क बांधू जाल तर तो पुष्कळदा फसतो. पोस्टमनचे मात्र कधी अडत नसे. कारण त्यास पेठ पाठ होती. जो आपल्यास ओळखतो त्याच्याच भरवशावर आपला पत्ता चालतो, हे त्यामुळे कधी ध्यानातच आले नाही.

ते २०२२ सालच्या आषाढातील एका रात्री आले.

आमचे थोरले बंधू आमच्याच मजल्यावर समोरच्या बिऱ्हाडात राहत. अडीचच्या सुमारास वहिनींनी आमचे दार वाजविले. दादांच्या छातीत कळा येत होत्या, घामाने सदरा भिजला होता, आणि तशाही स्थितीत ते 'सकाळी बघू' म्हणून आमचीच समजूत घालीत होते. आम्ही रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडून पत्ता विचारला गेला, तो आम्ही क्रमांकासह बिनचूक सांगितला. दहा मिनिटांत गाडी पेठेत आली. पुढील तेरा मिनिटे ती पेठेतच होती.

गाडी चालविणारा तरुण परजिल्ह्यातला. पुण्यात येऊन त्यास पुरता महिनाही झाला नव्हता. त्याच्या मोबाइलमधील नकाशाने त्यास आमच्या भिंतीपर्यंत अचूक आणले. मात्र ती त्या भिंतीची पलीकडची बाजू होती, आणि तो बोळही दुसरा होता. तेथून त्याचा फोन आला.

"साहेब, बिल्डिंगवर नंबर आहे का?"

"'पर्णकुटी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय," आम्ही म्हणालो.

"नंबर, साहेब?"

नंबर नव्हता. महिन्यापूर्वी इमारतीस रंग दिला, त्या वेळी निळ्या पत्र्यावरील पांढऱ्या आकड्यांची ती जुनी पाटी आम्हीच काढून जिन्याखालच्या फळीवर ठेवली होती. 'भाऊजी, पाटी लावायची राहिलीय,' अशी वहिनींनी दोनदा आठवणही केली होती. ताज्या रंगावर तो गंजका पत्रा शोभावयाचा नाही, सवडीने नवी करून घेऊ, असे आम्ही उत्तर दिले होते.

आम्ही अनवाणीच खाली धावलो. पाऊस पडत होता. बोळाच्या तोंडाशी उभे राहून आम्ही त्या गाडीचा भोंगा ऐकत होतो. तो जवळ आला, आमच्या पाठीमागे कोठेतरी थांबला, आणि मग दूर दूर जाऊ लागला. तो आवाज दूर जात असता मनास काय झाले, ते शब्दांत सांगणे आम्हांस अद्याप साधलेले नाही. अखेरीस गाडी वळसा घेऊन बोळासमोर आली तेव्हा आम्ही तिच्यापुढे आडवे झालो. सर्व मंडळी वर पोहोचेपर्यंत दादांचे हृदय थांबले होते, आणि पुतण्या जमिनीवर गुडघे टेकून त्यांची छाती दाबीत होता. विजेचा धक्का देण्याचे यंत्र गाडीत होते. ते लावले गेले. दादा परत आले नाहीत.

रुग्णालयातील डॉक्टर मोठे भले गृहस्थ होते. "मिनिटांचा हिशेब करीत बसू नका," ते म्हणाले. "कदाचित काहीच फरक पडला नसता." परंतु हिशेब करू नका असे शिक्षकास सांगणे व्यर्थ आहे. हृदय थांबल्यापासून विजेचा धक्का मिळेपर्यंत जे मिनिट जाते, त्या प्रत्येक मिनिटागणिक रोगी वाचण्याचा संभव शेकडा ७ ते १० नी उणावतो. कोणी छाती दाबीत असल्यास ही घट मंदावते, असे आमच्या वाचनात आले. आम्ही तेराला सातांनी गुणले, मग दहांनी गुणू लागलो, आणि कागद बाजूस सारला. दादांचे हृदय नेमके कोणत्या मिनिटास थांबले, हे पुतण्यास विचारण्याचे धैर्य मात्र आम्हांस आजवर झालेले नाही.

इतिहास शिकविणे हा आमचा व्यवसाय. दुःखात सापडलेला मनुष्य आपल्या धंद्याचेच हत्यार हाती घेतो. त्याप्रमाणे पुढील काही महिने आम्ही घराच्या क्रमांकाचा इतिहास चाळीत बसलो. तो इतिहास फारसा लोभस नाही. १७७० साली मारिया थेरेसा राणीने ऑस्ट्रिया आणि बोहेमिया येथील घराघरावर आकडे घालविले, ते लोकांच्या सोयीसाठी नव्हेत. सैन्यात ओढून नेण्याजोगे पुरुष किती आणि कोठे राहतात, हे तिला हवे होते. चिडलेल्या लोकांनी कित्येक ठिकाणी ते आकडे खरवडून काढले, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. ते क्रमांकही आमच्या पेठांतल्याप्रमाणे वस्तीवार होते. नवी घरे होत गेली तसतसा त्यांचा मेळ सुटत गेला, आणि १८६२ साली व्हिएन्ना शहराने रस्त्यावार क्रमांकांची पद्धत स्वीकारली. पॅरिसमध्ये हे शहाणपण १८०५ सालीच आले होते. सेन नदीकडून निघणाऱ्या रस्त्यांची घरे नदीपासून मोजावयाची, नदीला समांतर जाणाऱ्या रस्त्यांची प्रवाहाच्या दिशेने मोजावयाची, आणि एका बाजूस सम तर दुसऱ्या बाजूस विषम आकडे द्यावयाचे. दोन घरे पाहिली की परक्या माणसासही तिसरे सापडावे, अशी ही योजना. आकडा तोच, परंतु आरंभी तो घर मोजणाऱ्याच्या उपयोगाचा होता, आता तो घर शोधणाऱ्याच्या उपयोगाचा झाला.

आमच्या मनात मात्र तो मोजणाऱ्याचाच राहिला असावा. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत गोरे सोजीर पुण्यातील घरांत शिरले, ती हकीकत आमच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकली होती. सरकारी माणूस दाराशी आला की तो काहीतरी न्यावयासच आला, अशी ज्यांची समजूत झाली, त्यांनी दाराची ओळख झाकून ठेवण्यात सुरक्षितपणा मानला तर नवल नाही. भय गेले, सवय तेवढी मागे उरली.

आकडा हा रुक्ष, म्हणून रसिकास तो नावडावयाचाच, हे समर्थनही टिकण्यासारखे नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली पिनकोडची सहा आकडी पद्धत ज्यांच्या कल्पनेतून निघाली, ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात काव्ये रचणारे पंडित होते. सबंध देशास आकडे घालताना त्या कवीस कमीपणा वाटला नाही. एका इमारतीस 'पर्णकुटी' हा शब्द सुचविणाऱ्या आम्हांस मात्र आकडा हलका वाटला! अर्थात ४११०३० हा पिन पत्रास सदाशिव पेठेपर्यंत आणून सोडतो. तेथून पुढे पोस्टमनची स्मरणशक्ती. २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्याने 'डिजिपिन' पुढे आणला. त्यात देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन कल्पून प्रत्येकास दहा अक्षरी संकेत दिला आहे. ही सोय मोठीच आहे, आणि तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु नकाशा भिंतीपर्यंत आणतो हे आम्ही पाहिले आहे. दार अखेर माणसाच्या डोळ्यांनाच सापडावे लागते, आणि डोळ्यांस दिसावयाचे ते भिंतीवर असावे लागते.

अमेरिकेत ठिकठिकाणी पाळल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षेच्या नियमांत याविषयी एक लहानसे कलम आहे. आकडा निदान चार इंच उंच असावा. त्याची रेघ निदान अर्धा इंच जाड असावी. तो पाठीमागील रंगावर उठून दिसावा. आणि रस्त्यावरून वाचता यावा. शोभेविषयी त्यात अवाक्षर नाही. ज्याने ते लिहिले त्याने प्रथम स्वतःस रात्रीच्या अंधारात, धावत्या गाडीत, भिजलेल्या काचेमागे बसवून पाहिले असले पाहिजे. घरास नाव देताना आम्ही स्वतःस आमच्या गच्चीत, आरामखुर्चीवर बसविले होते. दोहोंत अंतर आहे ते इतकेच.

आपण अतिथीस देव मानतो. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा अर्थ आम्ही विद्यार्थ्यांस कितीदा तरी सांगितला आहे. त्याच्यासाठी उंबऱ्यापाशी रांगोळी घालतो, दारास तोरण बांधतो. आप्तेष्टांस हे काहीच लागत नाही. ते डोळे मिटूनही आपले घर गाठतात. क्रमांक हवा असतो तो एकाच माणसास: जो आपल्यास ओळखत नाही, ज्याने आपले नावही ऐकलेले नाही, आणि तरीही जो मध्यरात्री आपल्याचसाठी धावत येत आहे. त्या अतिथीसाठी आमच्या दारात काहीही लिहिलेले नव्हते.

असो. त्याच वर्षी दिवाळीपूर्वी आम्ही नवी पाटी करून घेतली. काळ्या पत्र्यावर पांढरे आकडे, चार इंचांहून थोडे मोठेच. "सर, नाव कुठं टाकू?" असे पेंटरने विचारले. नाव नको, असे सांगितल्यावर तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. "प्रोफेसर, दुकान काढताय की काय?" असे समोरच्या इमारतीतील स्नेह्यांनी विनोदाने म्हटले, पुढे दोन महिन्यांनी त्यांनीही तशीच पाटी लावली, आणि आज आमच्या बोळात अशा चार पाट्या आहेत.

पाटी लागली त्या संध्याकाळी वहिनी खाली आल्या. त्यांनी केलेल्या त्या दोन आठवणींचा उच्चार त्यांनी त्या रात्रीपासून एकदाही केला नव्हता, आणि आजही करीत नाहीत. रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी पाटीकडे पाहिले, मग बोळाच्या तोंडापर्यंत चालत गेल्या आणि तेथूनही पाहिले. परत येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "दिसतंय. रात्री वरचा दिवा मात्र मालवू नका, भाऊजी."

आम्ही तो मालवीत नाही.