केसाएवढी नदी

कराडला कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या समोरून येतात. धडकतात म्हणावं इतक्या समोरासमोर, आणि मग काटकोनात वळून एकत्र पुढे निघतात. लहानपणी घाटावर बसून मी एकच गोष्ट शोधायचे: या दोघींचं पाणी नेमकं कुठे एक होतं? पहिल्या पावसात एकीचं पाणी जास्त गढूळ असलं की थोड्या अंतरापर्यंत मधली रेघ दिसायची. मग भोवऱ्यात ती मोडून जायची.

आता पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी रोज तसाच संगम बांधते. नदीची रुंदी मात्र शंभर मायक्रॉन असते, डोक्यावरच्या केसाहून जराशी जास्त. एका बाजूने लाल रंगाचं पाणी सोडलं, दुसऱ्या बाजूने साधं, तर ती दोन पाणी भेटतात, वळतात आणि पुढे शेजारी शेजारी चालत राहतात. रेघ मोडत नाही. 1883 साली मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं होतं की पाणी केव्हा शिस्तीत वाहील आणि केव्हा खवळेल, हे वेग, नळीची जाडी आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या मेळावर ठरतं. नळी केसाएवढी केली की खवळायला वावच उरत नाही. मिसळणं होतं ते रेणूरेणूने, सावकाश. रक्तातल्या पेशी वेगळ्या करण्याचं आमचं सगळं काम या शिस्तीवर उभं आहे. पाणी आपली रेघ सोडत नाही, म्हणून त्यातली पेशी कुठून जाईल हे आधी आखता येतं.

अशा नद्यांची चिप बनवण्याचं काम मला अजूनही स्वतःच्या हाताने करायला आवडतं. सुरुवात पिवळ्या उजेडाच्या खोलीत होते, कारण साचा ज्या रसायनाचा करायचा त्याला साधा उजेड चालत नाही. सिलिकॉनच्या चकतीवर त्या रसायनाचा पातळ थर फिरवून पसरवायचा, त्यावर नकाशाचा मुखवटा ठेवून अतिनील किरण टाकायचे. जिथे किरण पडले तिथे थर घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. चकतीवर नद्या उमटतात, पण उलट्या, बांधासारख्या वर आलेल्या. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा चकती आधी तापवून कोरडी करायला जास्त वेळ द्यावा लागतो. नाही दिला तर बांध चकतीवरून सुटून येतात.

मग पीडीएमएस. दाट काकवीसारखा, पण पाण्यासारखा पारदर्शक असा सिलिकॉनचा द्रव. दहा भाग मूळ द्रव, एक भाग त्याला घट्ट करणारा. चमच्याने घोटला की हवेच्या बुडबुड्यांनी पांढरा होतो. तो निर्वात भांड्यात ठेवायचा. हवा ओढली जाऊ लागली की फेस वर चढतो, अगदी दूध उतू जातं तसा, आणि ज्वाला बारीक करावी तशी झडप किंचित उघडावी लागते. फेस बसतो. पुन्हा ओढायचं, पुन्हा बसवायचं. अर्ध्या तासाने वाटीत काहीच नाही असं वाटावं इतका तो नितळ होतो. साच्यावर ओतायचा, सत्तर अंशांवर दोनेक तास ठेवायचा, आणि पात्याने कडा कापून सोलून काढायचा. हाताला मऊ रबर लागतं. ते उजेडाकडे धरून तिरपं केलं की नद्या चमकतात.

भोकं पाडायला त्वचेचे डॉक्टर कातडीचा तुकडा काढायला वापरतात तेच गोल पातं आम्ही वापरतो. धूळ चिकटपट्टीने उचलायची. शेवटी रबर आणि काच दोन्ही प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, जांभळट उजेडात मिनिटभर ठेवायच्या आणि लगेच एकमेकांवर टेकवायच्या. पृष्ठभागावर तयार झालेले रासायनिक गट एकमेकांना धरतात आणि जोड कायमचा होतो. तिथे दुसरी संधी नसते. वाकडं टेकलं तर वाकडंच राहतं.

हे सगळं मला वर्षभरात जमलं. रक्त समजायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

शिकताना आपण रक्ताऐवजी प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी वापरतो. मणी गोल, कडक, एका मापाचे. सांगू तिथे जातात. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, मधे दबलेली चकती असते. अरुंद जागी ती दुमडते, लांबट होते, पलीकडे जाऊन परत चकती होते. रक्ताचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग या पेशींनीच व्यापलेला असतो. म्हणजे नदीत वाळू असते तसं हे नाही. वाळूच वाहते आहे आणि फटींतून पाणी आहे, असं म्हणणं जास्त खरं. वाहतं रक्त थांबलं की या चकत्या एकमेकींना चिकटून पोळ्यांच्या चवडीसारख्या रचल्या जातात, आणि चवडी सुट्या पेशींपेक्षा भराभर तळाशी बसतात. ईएसआर नावाच्या तपासणीत तेच मोजतात.

स्वीडनचे रॉबिन फोरेयस हे रक्त तळाशी बसण्याचा अभ्यास करणारे. बारीक नळीतून वाहताना तांबड्या पेशी मध्यभागी सरकतात आणि भिंतींलगत नुसत्या प्लाझ्माचा, रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, पट्टा उरतो हे त्यांच्या कामातून ठळकपणे पुढे आलं. 1931 साली त्यांनी आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं की नळी बारीक होत गेली तसा रक्ताचा चिकटपणा उलट कमी झाल्यासारखा होतो. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त वाहणं या गुणामुळे सोपं होतं. पुढे आणखी एक गोष्ट समजली: वाहिनीला फाटा फुटतो तिथे पेशी जास्त वेगाच्या फांदीकडे ओढल्या जातात. वेगांतला फरक पुरेसा मोठा असेल तर संथ फांदीत जवळजवळ नुसता प्लाझ्माच शिरतो. चाळणी नाही, जाळी नाही. नुसता फाटा.

माझी पहिली स्वतःची चिप याच तत्त्वावर होती. एक मोठा प्रवाह आणि त्याला डाव्या अंगाने फुटलेले अरुंद, संथ फाटे. पहिल्या दहा मिनिटांत फाट्यांतून गुलाबी पाणी आलं, म्हणजे पेशी गळत होत्या. मी पंप चालूच ठेवला. अर्ध्या तासाने पाणी फिकट झालं, आणि तासाभराने स्वच्छ पिवळसर. मी फोटो काढले, आकडे लिहिले, त्या आठवड्याच्या बैठकीत मांडले. माझा असा समज झाला की चिपला स्थिर व्हायला वेळ लागतो.

खरं काय होतं ते मला रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागातल्या एका काकांनी दाखवलं. तीस वर्षं नमुने हाताळलेला माणूस. ते एकदा आमच्याकडे नळ्या पोहोचवायला आले होते, पंपाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमची सिरिंज आडवी आहे." मी म्हटलं, हो, पंपच आडवा आहे. ते म्हणाले, "मग रक्त बसणार ना खाली. वरचं नुसतं पाणीच चाललंय आत."

सिरिंजकडे वाकून बघितलं. खालच्या अंगाला गडद लाल थर, वर नितळ पिवळा. तोंड मधोमध. चिप काहीच वेगळं करत नव्हती, वेगळं आधीच झालेलं होतं. बैठकीत मांडलेले सगळे आकडे मी दुसऱ्या दिवशी त्याच लोकांसमोर परत घेतले. मग पंप उभा केला, सिरिंजमध्ये एक छोटा लोखंडी गोळा टाकला आणि बाहेरून चुंबक फिरवून तो सतत हलता ठेवला. फाट्यांतून पुन्हा गुलाबी पाणी येऊ लागलं. फाटे आणखी अरुंद करून, वेगांचं प्रमाण बदलून ते खरोखर फिकट व्हायला पुढचे पाच महिने गेले.

काकांनी आणखी एक शिकवलं, नळी धरायला. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून गुठळी होत नाही. पण रक्त त्यात नीट मिसळलं तरच. "हलवायची नाही," ते म्हणाले, "उलटसुलट करायची. आठ-दहा वेळा. झोपलेलं लेकरू कुशीवर वळवावं तशी." जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात, बर्फात ठेवली की प्लेटलेट चेकाळतात आणि एकमेकींना धरतात. डोळ्यांना न दिसणारी तेवढीशी गाठ पन्नास मायक्रॉनच्या नदीला बांध घालायला पुरते. चिप कशी काम करते असं कुणी विचारलं तर मी आता रुग्णाच्या कोपरापासून सांगायला सुरुवात करते: सुई कुणी टोचली, नळी किती वेळ उभी होती, रिक्षात किती हादरली. चिपच्या चित्रात यातलं काहीच नसतं, म्हणून ते सांगावंच लागतं.

सध्या मी ज्या कामात आहे ते कर्करोगाच्या पेशी रक्तातून शोधण्याचं. 1869 साली ऑस्ट्रेलियात टॉमस अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी एका मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी पाहिल्या आणि नोंदवल्या. पण त्या मोजायच्या कशा? एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे 500 कोटी, पांढऱ्या चाळीस लाख ते कोटीभर, आणि या भटक्या पेशी पुष्कळदा दहासुद्धा नाहीत. 2007 साली बॉस्टनमध्ये सुनीता नागरथ, मेहमेत टोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 78,000 सूक्ष्म खांबांची एक चिप केली. प्रत्येक खांबावर एक प्रतिपिंड बसवलेलं, या पेशींच्या अंगावरचं एक प्रथिन ओळखून धरणारं. रक्त त्या खांबांच्या वनातून सावकाश जायचं आणि हव्या त्या पेशी खांबांना बिलगून राहायच्या. तो शोधनिबंध वाचला त्या रात्री मला झोप आली नव्हती.

पण काही भटक्या पेशी गाठ सोडताना ते प्रथिनच अंगावरून उतरवतात, मग खांब त्यांना ओळखत नाहीत. म्हणून आम्ही खुणेऐवजी आकारावर जातो आणि नदी चक्राकार गुंडाळतो. वळणावर पाणी सरळ जात नाही, ते पुढे जाता जाता आडवंही फिरतं. मधलं पाणी बाहेरच्या काठाकडे, तळालगतचं आतल्या काठाकडे. कृष्णेच्या वळणावर वाळू आतल्या काठाला साठते आणि बाहेरचा काठ खचत जातो, ते याच आडव्या फिरण्यामुळे. चिपमध्ये त्यात भिंतींची ढकल मिळते, मोठ्या पेशी आतल्या काठाजवळ रांग धरतात आणि लहान बाहेर सरकतात. शेवटी दोन तोंडं. पहिल्यांदा वेगवान कॅमेऱ्यावर ती रांग दिसली तेव्हा मला घाटावरून दिसणारं वाळूचं बेट आठवलं.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. निरोगी माणसाच्या रक्तात प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मिसळायच्या, त्या परत वेगळ्या करायच्या आणि इतके टक्के सापडल्या असं छापायचं, ही आमच्या क्षेत्रातली रूढ रीत आहे. सुरुवातीला ती लागतेच, मीही तेच करते. पण बाटलीत वाढलेल्या पेशी गुबगुबीत असतात, पंधरा-वीस मायक्रॉनच्या, जवळजवळ मण्यांसारख्या. रुग्णाच्या अंगातून फिरून आलेल्या पेशी कितीदा पांढऱ्या पेशीएवढ्याच असतात, सुकलेल्या, कधी दोघी-तिघी एकत्र. मिसळलेल्या पेशींवरचा आकडा कितीही मोठा असो, रुग्णाच्या रक्तावर चिप चालवल्याशिवाय ती चालते असं म्हणू नये.

मोजण्याच्या कलेबद्दल मला वॉलेस कोल्टर यांचा फार आदर वाटतो. सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने भोक पाडून त्यांनी रक्तपेशी एकेक करून त्यातून सोडल्या. पेशी भोकात आली की विजेची वाट अडते, यंत्रावर एक टोक उठतं. टोकाची उंची म्हणजे पेशीचं आकारमान. 1953 साली त्यांना पेटंट मिळालं. आज गल्लीतल्या लॅबमध्ये होणाऱ्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, मुळाशी तेच भोक आहे. आम्हाला मात्र नुसतं टोक पुरत नाही, पेशी कोणती तेही बघायला लागतं. म्हणून शेवट सूक्ष्मदर्शकाखाली होतो. केंद्रक निळं दिसावं, गाठीच्या पेशींतलं केराटिन हिरवं, आणि पांढऱ्या पेशींची लाल खूण अजिबात दिसू नये. तिन्ही जमलं तर ती आपली.

गेल्या गुरुवारी एक नळी आली. आमच्याकडे नाव येत नाही, क्रमांक येतो. पण रक्त घेताना काका हजर होते. बाईंनी संमतीच्या कागदावर सही केली आणि विचारलं, "यातून मला काही कळेल का?" काकांनी खरं सांगितलं, की तुम्हाला नाही, अजून नाही. त्या म्हणाल्या, "बरं, घ्या मग." आणि हात पुढे केला.

नळी दहा वेळा कुशीवर वळवली. रक्त पातळ केलं, गोळा टाकला, पंप उभा लावला. सुरुवातीला एक बुडबुडा वळणावर अडकला. पलीकडचं तोंड बंद करून दाब वाढवला तेव्हा तो रबरातून झिरपून गेला. पीडीएमएसमधून हवा जाते, तो त्याचा एक मोठा गुण. दुपारी वेगळ्या झालेल्या पेशी काचेवर घेऊन रंगवल्या. मोजायला आम्ही दोघी बसतो, माझी विद्यार्थिनी आणि मी. एकीने मोजताना दुसरीने खोलीबाहेर थांबायचं आणि आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, असा आमचा नियम आहे.

काच चौकटीचौकटीने सरकवत मी दीड तास बसले. तीन सापडल्या. तिसरी कडेला होती, जराशी लांबट, हिरवी कड आणि आत निळा ठिपका. माझ्यानंतर विद्यार्थिनी बसली. अंधार पडल्यावर बाहेर आली.

चिठ्ठ्या उघडल्या. माझ्यावर तीन, तिच्यावर चार.

"मॅडम, चौथी अगदी पहिल्या रांगेत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला पांढरी वाटली असेल."

आम्ही दिवे परत मालवले आणि पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली.