भासांचा दिवा

शब्दकोश चाळताना कधी कधी एखादा परका शब्द वाट अडवून उभा राहतो. ‘फॅन्टॅस्मागोरिया’ हा त्यांतलाच एक. उच्चारताना जीभ अडखळते. पण त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. त्याच्या पोटात ‘फान्तास्मा’ हा जुना ग्रीक शब्द दडला आहे. फान्तास्मा म्हणजे जे दिसते, पण असत नाही ते. भूत, छाया, आभास.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस नगरीत हे एका खेळाचे नाव झाले. रॉबर्टसन नावाने ओळखला जाणारा गृहस्थ १७९९ पासून तेथील एका ओस पडलेल्या मठात हा खेळ करी. प्रेक्षक स्थानापन्न झाले की दिवे मालवले जात. समोर पातळ पडदा. पडद्यामागे चाकांवर बसविलेला कंदील आणि त्याच्या भिंगामागे काचेवर रंगविलेले चित्र. चित्राभोवतीची काच काळी केलेली असल्यामुळे आकृती अधांतरी तरंगताना दिसे. कंदील मागे मागे नेला की पडद्यावरील भूत वाढत जाई, आणि लोकांना वाटे, ते आपल्याच अंगावर धावून येत आहे! रॉबर्टसनच्या आधी हा खेळ करणारा फिलिडोर तर, आपण मांत्रिक नाही, असे प्रेक्षकांना स्पष्ट सांगे. तरीही लोक भीतच. मला त्याचे नवल वाटत नाही. डोळे घाबरले की बुद्धीचे बोलणे थोडा वेळ कोणाला ऐकू येते?

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी अशाच दीपयंत्राने काचेवरील चित्रांचे खेळ केले. त्यांनी नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणांतील मायावी असुर. पॅरिसला भूत आठवले, कल्याणला असुर!

पुढे तो खेळ मागे पडला. शब्द मात्र उरला. तापाच्या गुंगीत विचित्र दृश्यांची मिरवणूक डोळ्यांपुढून सरकते ना, तिलाही आता फॅन्टॅस्मागोरिया म्हणतात.

फान्तास्मा ज्या ग्रीक धातूपासून निघाला, त्याचा अर्थ प्रकाशात आणणे, दाखविणे. भाषापंडित त्याचे नाते संस्कृतातील ‘भा’ म्हणजे प्रकाशणे या धातूशी जोडतात. प्रभा, आभा ही त्याच घरची मंडळी, आणि आपला ‘भास’ही तिथलाच. भूत हे अंधाराचे लेकरू, दिवा लावला की ते पळते, असे आपण समजतो. या शब्दांच्या घरी सारेच उलटे! त्या मठात काळोख कितीही दाट असो, कंदिलातील ज्योत विझली की पडद्यावर एकही भूत उरत नसे.