नीलमनगरच्या भिंती

सोलापूरला कामानिमित्त गेलो की आम्ही श्रमिकांच्या वस्त्यांत एक फेरी मारतोच. २०२१ च्या दिवाळीनंतर नीलमनगरात गेलो. इथली बरीच घरे यंत्रमाग आणि शिलाईच्या कामावर चालतात. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाईलवर गेला. घरात मोबाईल एकच, तोही बापाबरोबर कामावर! तेव्हा इथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी लोकांकडे घरांच्या भिंती मागितल्या. सुमारे ३०० भिंतींवर धडे रंगले. मुळाक्षरे, अंक, व्याकरण, वरच्या वर्गांची सूत्रे. एक आजी नळावर पाणी भरता भरता नातवाकडून अक्षरे वाचून घेत होत्या.

पण वाचकहो, भिंत जागची हलत नाही. शासनाने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला. वाचन विसरलेल्या पोराला ४५ दिवस कसे पुरणार? आणि जो कांड्या भरायला लागला, त्याच्या दारात तर माणूसच जावा लागतो. अशा एका घरी आम्ही शिक्षकांबरोबर दोनदा गेलो. पहिल्या खेपेला आईने हप्त्याच्या पगाराचा हिशेब सांगितला. दुसऱ्या खेपेला तिने माळ्यावरचे दप्तर खाली काढले.