पाठकोरा

मैंदर्गीच्या आमच्या घरात कोरा कागद विकत यायचा तो जूनमध्ये. उरलेलं वर्ष पाठकोऱ्या कागदांवर निभायचं. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, फोडून सरळ केलेली पाकिटं, असं सगळं वडील दाभणाने टोचून सुतळीत ओवायचे आणि फडताळाजवळच्या खिळ्याला लावायचे. वाण्याची यादी, दुधाचा हिशोब, आमचे पाढे त्यावरच. हँडबिलाचा गुलाबी कागद इतका पातळ असे, की शाईचं पेन टेकलं की फुटायचा. त्यावर पेन्सिलच चाले. गाव कर्नाटकाच्या सीमेलगतचं, त्यामुळे बऱ्याच हँडबिलांवर वर मराठी आणि खाली कन्नड मजकूर असायचा. मराठी ओळीशी ताडून पाहत मी कन्नड अक्षरं ओळखायला शिकलो ती तिथेच.

जून आला की गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली पानं निघायची. एकेरी, दुरेघी, चौकटी, सगळी एकावर एक रचून मधोमध टाके घातले की वही तयार. पाठ्यपुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत मिळायची. 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीची ती पुस्तकं आमच्या हाती येईपर्यंत दोन-तीन घरं फिरलेली असत. खळ लावून त्यांना सोलापूरच्या ‘संचार’चं कव्हर चढायचं. वाण्याकडून आलेला पुडा सोडला की साखर डब्यात जायची आणि कागद माझ्याकडे. त्यावरची अर्धी बातमी, शेवट नसलेली कथा मी वाचायचो आणि उरलेलं मनाने पुरं करायचो. वाचनाची गोडी मला त्या पुड्यांनी लावली.

कागदाचं खरं मोल मात्र मला आजीमुळे कळलं. तिला अक्षरओळख नव्हती, ती अंगठा उठवायची. तरी घरचे सगळे कागद तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, तिच्याच ताब्यात. दुधनीच्या अडतीत तूर घातली की मिळणारी हिशोबाची पट्टी, सातबारा, सोसायटीच्या पावत्या. घडी, रंग आणि स्पर्श यांवरून ती नेमका हवा तो कागद काढून द्यायची. एकदा तोलाईची रक्कम जास्त कापली गेली. आजीने आधीची पट्टी पुढे ठेवली आणि वडिलांकडून दोन्ही आकडे मोठ्याने वाचून घेतले. हिशोब दुरुस्त झाला. वाचता न येणाऱ्या बाईला चारचौघांत ताठ उभं राहण्याचं बळ त्या चतकोर कागदाने दिलं होतं.

पुढे नोकरीनिमित्त शहरात आलो. इथे पाचशे कागदांचं रिम सहज फुटतं आणि एका ओळीची प्रत काढून पान टोपलीत जातं. ते पाहिलं की मला चंद्रपूरचं बांबूचं रान आठवतं. बल्लारपूरची कागद गिरणी त्या बांबूवर उभी राहिली. बांबूचे तुकडे रसायनात शिजवायचे, लगदा धुवायचा, पसरायचा, दाबायचा, वाळवायचा. यात पाणी आणि वीज किती लागत असेल! रद्दीचा पुन्हा कागद होतो हे खरं, पण दर फेरीला त्यातले तंतू आखूड होत जातात. साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर ते एकमेकांना धरत नाहीत. म्हणून रद्दीत घालण्याआधी पानाची दुसरी बाजू वापरणं हीच पहिली बचत.

आता सातबारा मोबाइलवर उतरवता येतो, पट्टीही फोनवर येते. आजीच्या वेळी तालुक्याला घालावे लागणारे हेलपाटे त्याने वाचले, याचा मला आनंदच आहे. जी कामं कागदाशिवाय होतात ती तशीच होऊ द्यावीत, म्हणजे वाचलेला कागद मुलांच्या हाती जाईल. खोडलेली ओळ, चुकलेली बेरीज, त्याखाली पुन्हा मांडलेलं गणित या साऱ्यांतून मुलाचा विचार त्याच्या स्वतःच्या नजरेसमोर राहतो, आणि गुरुजींनाही तो कुठे अडला ते दिसतं.

कचेरीतले कुणाची खासगी माहिती नसलेले पाठकोरे कागद मी साठवतो आणि गावी जाताना नेतो. शेजारची मुलं त्यांवर चित्रं काढतात, गणितं सोडवतात. याला कुणी काटकसर म्हणेल. माझ्या लेखी तो वाटा आहे. ज्या घरात कागद सहज येतो त्या घराने एक बाजू वापरावी आणि दुसरी ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचवावी, इतकं आपल्याला नक्की जमण्यासारखं आहे.