नाताळाचें पहिलें ताट

आईवडील निवर्तल्यावर सण करावा कीं करूं नये, हा प्रश्न शास्त्राहून मनाचा अधिक आहे. वाचकांच्या घरीं तो दिवाळीस पडतो; आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरीं नाताळास पडतो, इतकाच भेद.

आमचें घर नगरचें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचें. १८३१ सालीं येथें अमेरिकन मराठी मिशनचें कार्य सुरू झालें. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) येथें राहून मराठी भजनें रचलीं. तीं भजनें वडील नाताळास पेटीवर म्हणत. आई करंज्यांचीं ताटें आधीं शेजारीं धाडी, मगच आम्हांस खाऊं देई.

दोघेंहि एकाच वर्षीं गेलीं. त्या नाताळास तळणाची कढई चुलीवर ठेवण्याचें धैर्य आम्हां भावंडांस होईना. तोंच शेजारच्या काकू करंज्या घेऊन आल्या. शोकाच्या घरीं वर्षभर गोडधोड करीत नाहींत, तें आप्तांनीं पुरवावें, ही त्यांची रीत. ताट मात्र आईचेंच होतें; तिचें नांव कोरलेलें, आदल्या नाताळापासून त्यांच्याकडे राहून गेलेलें.

आमच्या धर्मांत अशी रीत सांगितलेली नाहीं. परंतु त्या दिवशीं तिचा अर्थ आम्हांस पुरता उमगला. शोक एकट्यानें वाहावयाचा नसतो आणि सणहि एकट्यानें करावयाचा नसतो. तेव्हांपासून दरसाल आम्ही त्याच घरीं जमतों, वडिलांची पेटी उघडतों, आणि आम्ही जेवावयास बसण्यापूर्वीं पहिलें ताट काकूंकडे जातें.