जाळीचा बोल्ट

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी

पहाटेच वर्कशॉप धुऊन काढलं. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, ग्राइंडर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. लेथच्या पट्ट्याचं झाकण कोपऱ्यात उभं दिसलं. मागच्या पूजेला धुवायला म्हणून काढलं होतं, ते तसंच राहिलं. वर्षभर आमची पोरं उघड्या पट्ट्याजवळ उभी राहून काम करत होती, आणि मी मालक म्हणून रोज तिथूनच ये-जा करत होतो. वाईट वाटलं. आधी झाकण बसवलं, मग माळ घातली.

अकोल्याच्या शेठचा फोन आला. ते डाळ साफ करायची, प्रतवारी करायची यंत्रं बनवतात. त्यांच्या यंत्रांचे हूड आणि पट्ट्यांच्या जाळ्या पातूरला आमच्याकडे होतात. त्यांचं गिऱ्हाईक युरोपातलं. तिकडे २० जानेवारी २०२७ पासून यंत्रांच्या सुरक्षेचा नवा कायदा लागू होतोय, म्हणून गिऱ्हाइकाने प्रत्येक जाळीचं ड्रॉइंग आणि तिच्यामागचा विचार लेखी मागितलाय. शेठ म्हणाले, "जाळी जाळीच असते, त्याच्यात विचार काय लिहाचा?"

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस तोच कायदा वाचतोय. क्रमांक २०२३/१२३०, १४ जून २०२३ चा. आधी २००६ चा निर्देश होता, आणि त्यावरून प्रत्येक देश आपापला कायदा करायचा. आता एकच मजकूर सत्तावीस देशांत थेट लागू होणार. माहितीपुस्तिका यापुढे इंटरनेटवर दिली तरी चालेल, मात्र विकत घेताना कोणी छापील मागितली तर महिन्याच्या आत फुकट द्यायची. जुन्या यंत्रात कोणी मोठा फेरफार केला आणि त्यातून नवा धोका उभा राहिला, तर त्या फेरफारापुरता तोच निर्माता धरला जाणार. बाहेरून आत शिरून कोणी यंत्राचं नियंत्रण बिघडवू नये, याचीही तजवीज करायची.

पण मी अडकलो तो वेगळ्याच ठिकाणी. माणूस यंत्र कसं चुकीचं वापरेल, याचा जेवढा अंदाज आधी येऊ शकतो, तेवढा निर्मात्याने करायचा. आधी धोका रचनेतूनच काढायचा. निघत नसेल तर आडोसा द्यायचा. त्यानंतर जो उरेल त्यापुरतीच सूचना लिहायची. आपल्याकडे सुरुवातच सूचनेपासून होते. लाल रंगात 'सावधान' लिहिलं की काम झालं.

बाबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. १९८६ चा हंगाम, ज्वारीची मळणी. मरेपर्यंत ते एकच सांगत राहिले, "माहंच ध्यान नव्हतं." मीही तेच मानत आलो. रात्रीच्या मळणीत दमलेल्या माणसाचं ध्यान जाणारच, हे थ्रेशर बनवणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवं होतं, असं आज पहिल्यांदा मनात आलं. हे बाबांना सांगायला हवं होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आमची जाळी मोजली. भोकं चौकोनी, ३५ मिलिमीटरची. पट्ट्यापासून अंतर ६०. सुरक्षित अंतरांच्या आयएसओ १३८५७ मानकाच्या तक्त्यात एवढ्या भोकाला २०० अंतर लागतं. खात्री करायला यंत्र बंद ठेवून माझी बोटं आत घातली. पट्ट्याला टेकली. ही जाळी मी कित्येक वर्षं विकली आहे.

मागे सरकवायला जागा नाही. पण चाळणीच्या पत्र्याचे तुकडे पडून असतात, ८ मिलिमीटरच्या गोल भोकांचे. एवढ्या भोकाला तक्त्यात ५ मिलिमीटर अंतरही पुरतं, आमच्याकडे तर ६० आहे. शिवाय पट्टा आतून दिसत राहतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जाळी का काढून ठेवतात, हे वेल्डिंगवाल्या पोराला विचारलं. "काढतानी नट भुशात पडते भाऊ. मंग कोन शोधत बसते? एक बोल्ट लावला का उभी रायते थे."

कायद्यात नेमकं हेच आहे. जाळी काढली तरी तिचे बोल्ट जाळीला नाहीतर यंत्राला अडकून राहिले पाहिजेत. आणि शक्य असेल तिथे, बोल्ट लावले नाहीत तर जाळी जागेवर उभीच राहता कामा नये. हे लिहिणाऱ्याने भुशात नट शोधणारा माणूस नक्की पाहिलेला असणार. नुसती टेकवलेली जाळी उघड्या पट्ट्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर भरवसा ठेवून माणूस जवळ जातो.

दिवस त्यातच गेला. बोल्टची मधली आटी तासून दांडा बारीक केला, जाळीच्या कानाला त्याच आटीचं भोक पाडलं. बोल्ट त्यातून पार झाला की बारीक दांड्यावर फिरत राहतो, गळत नाही. खालचा आधार कापून टाकला. आता बोल्ट लावले नाहीत तर जाळी खाली येते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सोयाबीनची मळणी जोरात आहे. दुपारी थ्रेशरचं बेअरिंग बदलायला एका वावरात गेलो. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून थ्रेशरपर्यंतचा शाफ्ट उघडा फिरत होता. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पाणी प्यायला पलीकडे जाणारी बाई पदर हातात धरून तो ओलांडत होती. मी ओरडलो. ती म्हणाली, "रोजचंच हाये भाऊ."

सेकंदाला नऊ वेळा. पदराचं टोक गुंडाळलं गेलं तर हाक मारायलाही वेळ नाही.

युरोपच्या कायद्यात सहा प्रकार असे आहेत की ज्यांची तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावीच लागते. स्वतःहून शिकत जाणाऱ्या संगणकप्रणालीवर चालणारी सुरक्षा त्यात आहे, आणि त्याच यादीत हा सुटा शाफ्ट आणि त्याला झाकणारी नळीही आहे.

आपणही मागे नव्हतो. धोकादायक यंत्रांचा आपला कायदा १९८३ चा, आणि तो मुख्यतः थ्रेशरसाठी. युरोपचा यंत्रांबद्दलचा पहिला निर्देश १९८९ चा. थ्रेशरमध्ये पेंढी घालायची चाट किमान ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातली ४५० झाकलेली असावी, हेही आपल्याच मानकात आहे. म्हणजे बाबांची बोटं गेली तेव्हा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती.  तो कायदा वावरातल्या त्या बाईपर्यंत कोण नेणार?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शेठ येऊन नमुना पाहून गेले. आवडला. जाताना म्हणाले, "एक्स्पोर्टले हे लावू. इथल्याले जुनीच राहू दे, महाग पडते."

मी नाही म्हटलं. जुनी जाळी यापुढे आमच्याकडे होणार नाही. शेठ थोडा वेळ गप्प बसले, मग चहा घेतला. मोठं गिऱ्हाईक आहे, रात्री झोप लागली नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

ताई आली. भाऊजींचं थ्रेशर भाड्याने फिरतं, या हंगामात एक दिवस उसंत नाही. ओवाळून झाल्यावर तिला विचारलं, शाफ्टवर नळी आहे का? "होती. फुटली." चाट किती लांब, ते तिला सांगता आलं नाही. तिने हात पसरून दाखवलं, कोपरापेक्षा थोडं जास्त.

भाऊजींना फोन केला. उद्या सकाळी ट्रॅक्टर-थ्रेशर दोन्ही घेऊन येतायत. अकोल्याहून नवी नळी आणायला पोराला लगेच पाठवलं. चाटेसाठी दोन मिलिमीटरचा पत्रा आखून ठेवलाय, ९०० लांब.